ईमेलला कुंकू

ईमेलला कुंकू लागत नाही, हे मालवणच्या लोकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. दुकान बंद करून घरी बसलो, तरी मासळीबाजारात गाठून विचारणारे आहेतच. "तात्यानू, तुमी लाल श्री घालून मेल धाडीत होतास, तसो आता कोण धाडता?" कोणी धाडत नाही. बरं झालं, धाडत नाही. या अंकवाल्यांनी धंद्याच्या आठवणी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा म्हटलं हाच त्रास एकदा लिहून टाकू. पुन्हा कोणी विचारलं तर अंक समोर धरीन आणि आपल्या वाटेने जाईन.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, शाळा सोडली ती सोडलीच. पुढे ट्रॉलरवर इंजिन सांभाळलं. इंग्रजी अक्षरं मला आली ती इंजिनावरच्या पितळी पाट्या पुसता पुसता. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बंदराच्या रस्त्यावर फोनचा बूथ टाकला. पिवळी पाटी, काचेची खोली, आत घामाचा वास. मग लोकांच्या हातात मोबाईल आले आणि काचेच्या खोलीत मांजर झोपायला लागलं. तेव्हा मी कॉम्प्युटर आणला. लोक हसले. म्हणाले, म्हाताऱ्याला आता मरायच्या वयात खेळणं सुचलं. मी म्हटलं, डिझेल इंजिन उघडून जोडतो तो माणूस हा डबा चालवू शकणार नाही काय? चालवला. एका बोटाने चालवला, पण चालवला.

आमच्याकडे घरटी एखादा मुलगा जहाजावर. जहाज म्हणजे मासेमारीचं नव्हे, मोठं, तेलाचं नाहीतर कोळशाचं, सहा-सात महिने पाण्यावर. त्यांच्या आया आणि बायका माझं गिऱ्हाईक. त्या सांगायच्या, मी टाइप करायचो. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं पाठवली की पलीकडे चौकोन चौकोन दिसायचे. हे पहिल्यांदा समजावताना दमलो. "माजो झिल मराठी शाळेत शिकलो, तेका इंग्रजी कित्याक?" अगो बाय, भाषा मराठीच आहे, फक्त अक्षरं इंग्रजी आहेत. "मगे ती मराठी कशी?" पुढे मी उत्तर द्यायचं सोडलं.

आणि मग श्री. कागदाच्या वर मधोमध श्री लिहिल्याशिवाय या बायका पुढचा शब्द सांगायला तयार नसत. त्यात चूक नाही, माझी आईही तशीच होती. आमच्यात बिनश्रीचं पत्र म्हणजे एकच अर्थ. घरात कोणी गेलं, सुतक आहे. सुतकात श्री लिहीत नाहीत. पूर्वी कार्डाचा कोपरासुद्धा फाडायचे. पोस्टमन असं कार्ड लांबूनच नुसतं पुढे करायचा, उंबऱ्याच्या आत यायचा नाही, आणि घरातली बाई वाचण्याआधीच हंबरडा फोडायची.

तर श्री हवा. तोही लाल हवा. तोही मराठीत हवा. इंग्रजी अक्षरांत श्री म्हणजे देवाला पॅन्ट घालण्यासारखं, असं एक म्हातारी म्हणाली. मग मी कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या पाटीवर माउस धरून लाल श्री काढला. पहिला खेकड्यासारखा झाला. दुसऱ्यात वेलांटी कलंडली. शेवटी एक असा जमला की बघणारे म्हणाले, छापखान्यातून आणला काय? खाली हळदीचा पिवळा ठिपका, कुंकवाचा लाल ठिपका. तो मी जपून ठेवला आणि प्रत्येक मेलच्या माथ्यावर चिकटवायला लागलो. गिऱ्हाईक दुप्पट झालं. त्रासही तिथूनच सुरू झाला.

इथे धंदा थोडा समजावून सांगतो. ईमेल दोन तऱ्हेचा असतो. एक साधा, नुसती अक्षरं. दुसरा सजवलेला, त्यात रंग, लहानमोठी अक्षरं, फुलं, चित्रं. सजवलेल्याची गंमत अशी की त्याच्या पोटात यंत्राला दिलेल्या सूचना असतात. इथून लाल सुरू, इथे लाल बंद, इथे चित्र. सगळ्या सूचना कोयत्यासारख्या कंसांत. पलीकडचं यंत्र शहाणं असलं तर ते सूचना पाळतं आणि सजावट दाखवतं. अडाणी असलं तर सूचनाच वाचून दाखवतं, पानभर कोयते.

कुणकेश्वरला समुद्रावर खोल्या बांधलेला एक गृहस्थ यायचा. मुंबईच्या पार्ट्यांना त्याला मेल पाठवायचे असत. खाली लाटा हव्या, अक्षरं जांभळी हवी, आणि कडेला माड हवा. मी सगळं घातलं. पार्टीचा फोन आला की तुम्ही पानभर कंस पाठवलेत, खोलीचा भाव कुठे आहे? गृहस्थ तणतणत माझ्याकडे. "तात्यानू, माजो माड खंय गेलो?" म्हटलं, तुझा माड मुंबईला पोचला नाही, वाटेत कोणी तोडला असेल. महिनाभर बोलला नाही माझ्याशी.

यावर उपाय सांगितला तो फिलोमिना टीचरने. कॉन्व्हेंटात शिकवायची, बहीण गोव्याला, तिला गुलाबाची किनार घालून मेल पाठवायची. बहिणीच्या ऑफिसातही असेच कोयते पोचले. टीचरने माझी खुर्ची ओढली, प्रोग्रामच्या आत शिरली आणि म्हणाली, "तात्या, दोन्ही प्रकारांत एकदम पाठवायची सोय आसा हंय. वाच."

"तूच वाच," मी म्हटलं.

तिने वाचलं आणि एका ठिकाणी खूण केली. म्हणजे एकाच पाकिटात दोन पत्रं जायची. एक सजवलेलं, एक साधं. पलीकडच्या यंत्राला जे झेपेल ते त्याने उचलावं. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, एका टोपलीत ताजा बांगडा आणि सुका बांगडा. ज्याच्याकडे बर्फ आहे तो ताजा घेईल, नसेल तो सुका घेईल. उपाशी कोणी राहणार नाही. आणि साधं पत्र आपल्याला वेगळं लिहावं लागत नाही, प्रोग्रामच सजवलेल्यावरून करतो. टीचरने जाता जाता आणखीही काहीतरी सांगितलं. टीचर लोक नेहमीच जाता जाता आणखी काहीतरी सांगतात.

जहाजांचं वेगळंच. तिथे मेल आकाशातून उतरायचा, जरा जड झाला की कंपनीच्या पोटात दुखायचं. म्हणून जहाजावर फक्त साधा भाग घेत, बाकीचं पाण्यात. कॅप्टनच्या खोलीत तो कागदावर छापायचे आणि ज्याचा त्याला द्यायचे. मला काळजी नव्हती. दोन्ही पाठवतोय ना? मग झालं.

आता इंदूबायची गोष्ट.

इंदूबाय मासे विकायची. नवरा वामन, माझ्याबरोबर ट्रॉलरवर होता. तोंडाने फाटका, हाताने चोख. एकुलता एक मुलगा उमेश तेलाच्या जहाजावर इंजिनात होता. त्याला वरची परीक्षा द्यायची होती आणि त्या परीक्षेला समुद्रावरचे महिने मोजतात. महिने पुरे व्हायला थोडंच राहिलं होतं. मध्येच उतरला असता तर कंपनीने पुन्हा बोलावलं नसतं, आणि वर्षानुवर्षं घोटलेलं इंजिन त्याच्या हातून सुटलं असतं. त्या घराचं सगळं डोकं त्या परीक्षेकडे लागलेलं.

तेव्हाच वामनचं पोट दुखायला लागलं. आतडं फुटलं म्हणाले, गोव्याला नेलं, कापलं. त्याआधी उमेशने कुठल्याशा बंदरावरून फोन केला होता, तेव्हा त्याला एवढंच कळलं की बापूस गोव्याला नेलाय. ऑपरेशन झालं, वामन वाचला, घरी आला. इंदूबाय टोपली बाजूला ठेवून माझ्या दुकानात आली, पहिल्यांदाच मेल धाडायला. हात धुऊन आली, श्री असतो म्हणून.

"लिवा तात्यानू. बाबांचा ऑपरेशन झाला. बाबा बरे आसत. तू काळजी करू नको. मधीच घराक येव नको. महिने पुरे कर."

मी लिहिलं. माथ्यावर लाल श्री. धाडला. ती म्हणाली, "श्री नीट दिसता मां?" म्हटलं, बघ ना. तिने पडद्याला हात लावून नमस्कार केला, पडद्यावर माशाचं पाणी लागलं. नंतर मी पुसलं.

उत्तर आलं ते मी तिच्या समोरच वाचलं. वाचताना पुढे काय आहे ते आधी बघायची सवय मला तेव्हा नव्हती. उमेशने लिहिलं होतं: "आये, माका समाजला. मेलार श्री नाय. तुमी माका सांगूक नाय म्हणान माका कळूचा नाय असा वाटला? मी फुडच्या बंदरार उतरतंय. बाराव्याक तरी पोचतलंय."

इंदूबायला आधी काही समजलंच नाही. "बारावो? कोणाचो बारावो? तेच्या जहाजार कोण मेलो?"

"वामन," मी म्हटलं.

"काय वामन?"

"तेच्या मते वामन मेलो."

वामन त्या वेळी घरी ओसरीवर बसून पेज जेवत होता. इंदूबाय ती पेज वाढूनच आली होती. ती माझ्या अंगावर अशी आली की काचेच्या खोलीतलं मांजर पळालं. "तात्यानू, तुमी श्री घातलास नाय!"

"घातलंय! हो बघ!" मी पाठवलेला मेल उघडून दाखवला. लाल, पिवळा ठिपका, सगळं जागच्या जागी.

"ह्यो तुमच्याकडे आसा. तेच्याकडे खंय आसा?"

चूक माझी नव्हती, हे मी आजही म्हणतो. मी धाडलेल्या पाकिटात श्री होता. पण मेलच्या पोटातला कच्चा माल बघायची एक जागा असते, ती मी उघडली. साध्या भागात वरती नुसती कोरी जागा आणि मग एकदम 'बाबांचा ऑपरेशन झाला'. श्री चित्र होता, आणि साध्या भागात चित्र राहत नाही. प्रोग्रामने सजवलेल्याचं साधं करताना श्री उचलला आणि टाकला. सुका बांगडा केला खरा, पण मुंडकंच उडवलं. टीचरने जाता जाता सांगितलं होतं ते हेच असावं.

आणि त्या पोराचं तरी काय चुकलं? आमच्याकडे लांब असलेल्याला मेल्याचं थेट कोण सांगतं? सगळं बरं आहे, काळजी करू नको, येऊ नको, असंच सांगतात. त्यात वर कोरा माथा. कुठल्याही मालवणी माणसाने हाच अर्थ लावला असता. बाकीच्यांच्या घरी कोणी आजारी नव्हतं, म्हणून त्यांच्या पोरांनी कोरा माथा मनावर घेतला नसेल.

मी मुंबईला कंपनीच्या कार्यालयात फोन लावला. तिथला माणूस शुद्ध बोलणारा. मीही शुद्ध बोललो. "साहेब, त्याचे वडील जिवंत आहेत." "काका, पण त्याने स्वतः कळवलंय की घरात मयत झालंय. त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवायची आमची तयारी सुरू आहे. जहाज परवा बंदराला लागेल. त्याने उतरायचा अर्ज स्वतः मागे घेतला तर आम्ही थांबू." "त्याच्याशी फोनवर बोलता येईल?" "जहाजावर खाजगी फोन नाही, काका. मेल पाठवा."

पुन्हा मेल! डोकं फिरलं माझं. बरं, आता काय लिहायचं? फोटो जाणार नाही. साध्या अक्षरांत श्री घातला तर तो म्हणणार, मी विचारलं म्हणून आता घातला. बाबा खरंच जिवंत आहेत, असं लिहिलं तर उलट त्याची खात्रीच पटणार.

इंदूबाय डोक्याला हात लावून बसली होती. अचानक उठली. "मी तेका हाडतंय."

"कोणाक?"

"मेल्लेल्याक!"

रिक्षातून वामनला आणलं. पोटाला पट्टा, अंगावर सदरा उलटा, टाके ताजे. डॉक्टरने हलायला मना केलं होतं. स्टुलावर बसवलं. इंदूबायने वाटेत सगळं सांगितलं असावं, कारण तो आला तोच पेटलेला. "वशाड मेल्याचा! बापूस जितो आसा आणि ह्यो बाराव्याक येता! बोटा घाल तात्या, लिव."

"थांब, आधी श्री घालतंय."

"श्री नको! मी तेका गाळी देतलंय. गाळींच्या पत्रार श्री कित्याक?"

"वामना, श्री नाय म्हणान तर ह्यो सगळो घोळ झालो!"

"देवाक मधी घालू नको म्हणतंय मी!"

"मी घालतलंय!"

"माजो झिल, माजा पत्र, आणि तू कोण घालणारो?"

टाके धरून ओरडत होता तो. इंदूबाय दोघांच्या मध्ये. शेवटी तीच म्हणाली, "श्री माजो. वर माजो श्री, खाली तेच्या गाळी." हे दोघांना पटलं. मी इंग्रजी अक्षरांत एस, एच, आर, डबल ई लिहिलं, दोन्ही बाजूंना दोन दोन उभ्या रेघा मारल्या. रंग नाही, ठिपका नाही. सजवलेला भाग बंदच केला. फक्त साधा.

मग वामन बोलायला लागला, आणि माझं एक बोट कमी पडायला लागलं.

"शिरा पडली तुज्या तोंडार. कोण मेलो रे? तुजो बापूस अजून तुका धरून बडवीत इतको जितो आसा. जाताना बारका जाळा वला ठेवन गेलंस, कुजला ता. छपरार चढून कौलाचे नळे परतलंस, एक नळो सरळ नाय, पाणी माज्या डोक्यार. आणि इंजिनाची परीक्षा देतंस? आदी नळे परतूक शिक. उतारलंस तर घरात घेवचंय नाय. थंयच रव."

"इतक्या नको हो," इंदूबाय म्हणाली. "मायेचा कायतरी लिवा."

"ह्यो मायेचाच आसा," वामन म्हणाला, आणि खरं होतं ते. असलं बोलणं दुसऱ्या कोणाला रचता आलं नसतं. मी एकही शिवी गाळली नाही. दोन-तीन इथे लिहीत नाही, अंक घराघरांत जातो म्हणून. पण मेलमध्ये होत्या.

धाडला. वामन घरी जायला तयार होईना. "उत्तर येयसर बसतंय." म्हटलं, अरे, जहाजावर दिवसातून एकदा मेल उतरवतात. "मगे उद्या येतंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षा, पुन्हा पट्टा. बसला, पंखा लावायला लावला, चहा मागवला, कॉम्प्युटर हळू आहे म्हणून त्याला शिव्या दिल्या. मी दर थोड्या वेळाने बटण दाबत होतो. फुलवाल्याची जाहिरात आली, कुणकेश्वरच्या गृहस्थाचा मेल आला, माडाबद्दलच. दुपार टळली तेव्हा उमेशचं उत्तर आलं. या वेळी मी आधी मनात वाचलं.

"वाच रे!"

वाचलं. "बाबानू, वाचलंय. दोनदा वाचलंय. अर्ज मागे घेतलंय, उतरूचंय नाय. पण केस गेले, मिशी पण गेली. थंडी लागता. कॅप्टन हसता. दोन दिस मीठ घातलेला जेवलंय नाय, आज जेवतंय. जाळ्याचा चुकला."

इंदूबायने पदर तोंडाला लावला. वामन पोटाच्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "केस दिल्यान?"

"दिल्यान."

"माज्यासाठी?"

"मगे आणि कोणासाठी?"

"मिशी पण?" त्याने पुन्हा विचारलं. "ता परत वाच. केसांचा."

मी परत वाचलं. त्याने आणखी एकदा वाचायला लावलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यातली एक बाई श्रीसाठी हात धुऊन उभी होती. मी वैतागून म्हटलं, "वामना, आता ऊठ. तुजा सगळा ऐकून झाला."

तो उठला, इंदूबायच्या खांद्याला धरून दारापर्यंत गेला आणि वळला.

"तात्या, तेका एक लिव. केस वाडव म्हणा. शिमग्याक असो टक्कल करून बंदरार उतारलो तर लोकांका वाटतला मी खरोच मेलंय, आणि माका घरोघर फिरून सांगूचा लागात."